रूट कॅनलला पर्याय : दाढ वाचवायची, काढायची की आणखी काही?

अर्धविराम

मंडळी, दातांच्या बाबतीत जाणकार असाल किंवा स्वतः यातून गेला असाल तर मत हवं आहे.

खालची, डावीकडची पहिली मोठी दाढ. जुन्या फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड शिरली आहे आणि बरीच खोल गेली आहे. गार पाणी लागलं की जोरात कळ येते. पूर्वी ती लगेच जायची, हल्ली जरा रेंगाळते. मात्र आपणहून ठणकत नाही, रात्री झोप मोडत नाही, सूज नाही, चावताना दुखत नाही.

एका दवाखान्यात एक्स-रे काढला आणि थेट रूट कॅनल व कॅप सांगितली. दुसरीकडे तोच एक्स-रे दाखवला तर म्हणाले, रूट कॅनलच्या भानगडीत पडू नका, दाढ काढा, इम्प्लांट बसवा, आयुष्यभराची कटकट मिटेल. दोन्हीकडे तपासणी म्हणावी तर तोंडात आरसा फिरवला, एवढंच.

दाढेची नस अजून जिवंत असेल तर ती उपटून का टाकायची, हे काही डोक्यातून जात नाही. आणि दाढ काढायचीच झाली तर पुढे इम्प्लांट, ब्रिज, काढता-घालता येणारा दात की जागा तशीच मोकळी? फायदे सगळे सांगतात. मला तोटे ऐकायचे आहेत.

तिरपागडा

काढून टाका. एकदाच काय ते दुखेल. बत्तीस आहेत, त्यातली एक गेली तर काय बिघडतं!

सायंतारा

@तिरपागडा, माझीही खालची पहिलीच दाढ गेली आणि जागा मोकळी ठेवली. सुरुवातीला खरंच काही बिघडलं नाही. मग मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलायला लागली आणि वरची दाढ खाली उतरायला लागली. समोर टेकायला काही नसलं की दात हळूहळू आपली पातळी सोडतो. कललेल्या दाढेच्या पुढच्या अंगाला एक कपार तयार झाली आहे. तिथे ब्रश पोचत नाही, खाल्लेलं मात्र बरोबर पोचतं. पुढे इम्प्लांटची चौकशी केली तेव्हा कळलं की वरची दाढ इतकी खाली आली आहे की नवा दात बसवायला उंचीच उरलेली नाही. आता आधी तारा लावून दाढा जागेवर आणायच्या आणि मग पुढचं.

दाढ काढणं स्वस्त असतं ते त्या दिवसापुरतं.

भोचक_भुंगा

अक्कलदाढ असती तर तिरपागडा यांच्याशी सहमत झालो असतो. तिचं रूट कॅनल करण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही. पहिली मोठी दाढ मात्र चावण्याचं मुख्य काम करते. वाचतोय.

दंतकथा

मी एंडोडॉन्टिस्ट आहे. रूट कॅनलवरच माझं पोट आहे, तेव्हा माझा पक्षपात गृहीत धरून वाचा.

अर्धविराम, पर्याय कोणते हे दाढेतली नस कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं आणि ते एकट्या एक्स-रेवरून ठरत नाही. आपण जिला नस म्हणतो तो पल्प म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती यांचा गोळा. एक्स-रेत तो फक्त काळसर पोकळी म्हणून दिसतो. जिवंत आहे की मेला आहे, सुजलाय की सडलाय, काही कळत नाही. कीड किती खोल आहे आणि मुळाच्या टोकाशी हाडात काळी सावली आहे का, एवढंच तो सांगतो.

त्यासाठी गारव्याची चाचणी करतात. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो दाढेला टेकवायचा. आधी शेजारच्या निरोगी दाढेला, म्हणजे तुमची नेहमीची संवेदना किती ते कळतं, मग दुखऱ्या दाढेला. बोळा काढल्यावर कळ लगेच गेली तर पल्प चिडला आहे, पण सावरू शकेल. कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त टिकली, किंवा काही न करता ठणका येत असेल, गरम लागलं की दुखतं आणि गारवा दिला की बरं वाटतं असं असेल, तर दाह फार पुढे गेला आहे. काहीच जाणवलं नाही तर पल्प बहुधा मेला आहे. जोडीला आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकेच ठोकून बघतात आणि हिरडीच्या कडेने खोली मोजतात. एकाच जागी अरुंद आणि खोल खड्डा लागला तर मूळ उभं चिरलं असल्याची शंका येते. तसं असेल तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं आणि ही सगळी चर्चाच संपते.

पल्प मेला असेल तर पर्याय दोनच, रूट कॅनल किंवा दाढ काढणं. तिसरा आजवर कोणी शोधलेला नाही. लेझर, ओझोन, तेलाच्या गुळण्या वगैरे जे मधे मधे कानावर येतं त्यातलं काहीही मुळाच्या नळ्यांत सडलेली ऊती बाहेर काढत नाही. पल्प जिवंत असेल तर मात्र मधला रस्ता आहे. त्यावर सविस्तर लिहिते, जरा पेशंट संपू देत.

तिरपागडा

आधी अँटिबायोटिकचा कोर्स करून बघायला काय हरकत आहे? माझी दाढ अशीच भयंकर ठणकत होती. गोळ्या घेतल्या आणि काही दिवसांत आपोआप थांबलं. पुन्हा कधी दुखली नाही.

दंतकथा

@तिरपागडा, त्या दाढेचा एक्स-रे लवकर काढून घ्या. भयंकर ठणकणारी दाढ एकाएकी गप्प झाली की बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. दुखणार कशी, दुखायला काही उरलेलंच नसतं. जंतू मात्र आत मजेत असतात आणि सावकाश मुळाच्या टोकातून हाडात उतरतात.

नुसत्या पल्पच्या दाहावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली याबाबत स्पष्ट मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ताप आहे, सूज पसरते आहे, तेव्हा त्या गोळ्यांची गरज पडते आणि तेव्हाही दाढेवरच्या उपचारांच्या जोडीने. ठणक्यासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगलं काम करतात, पण जठरव्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कृपा करून ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवू नका, हिरडी भाजून पांढरी पडलेले लोक येतात.

जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे सूज सरकत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर धागे वाचत बसायचं नाही. थेट इस्पितळ गाठायचं.

कोरी_पाटी

सगळे रूट कॅनल गृहीतच धरून चालले आहेत. मेलेला अवयव शरीरात ठेवण्याची पद्धत दुसऱ्या कुठल्या शाखेत आहे? अपेंडिक्स सडलं तर काढून टाकतात, त्यात मसाला भरून आत ठेवत नाहीत. रूट कॅनल केलेल्या दातांत जंतू राहतात आणि ते शरीरभर आजार करतात, असं सांगणारे डॉक्टरही आहेत. दाढ काढणंच सुरक्षित.

पाणबुडा

@कोरी_पाटी, हे म्हणणं शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्याचा इतिहास गमतीदार आहे. गमतीदार म्हणजे आपल्याला. ज्यांचे दात गेले त्यांना नसेल.

१९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. तोंडातली घाण आणि तिच्यावर चढवलेलं दंतकाम अनेक आजारांचं मूळ आहे, असा त्याचा रोख होता. पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून ससे आजारी पडतात असं दाखवलं. मग सांधे दुखले काढ दात, पोट बिघडलं काढ दात, अशी लाटच आली. लोकांची तोंडंच्या तोंडं रिकामी झाली आणि सांधे दुखायचे ते दुखतच राहिले. नंतरच्या संशोधकांना प्राइस यांचे निष्कर्ष पडताळता आले नाहीत. प्रयोगात जंतूंची मात्रा अफाट होती आणि तुलनेसाठी धड व्यवस्था नव्हती. वैद्यकाने तो सिद्धांत सोडला, पण दर काही वर्षांनी तो नवे कपडे घालून परत येतो.

याउलट १९६५ मधला काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांचा उंदरांवरचा प्रयोग बघा. काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, काही साधे. दोघांच्या दाढांना भोकं पाडून पल्प उघडा केला आणि तसाच सोडला. साध्या उंदरांचे पल्प सडले आणि मुळाशी गळवं झाली. निर्जंतुक उंदरांच्या पल्पने स्वतःच भोकावर नवं डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा कठीण थर) चढवून ते बुजवायला घेतलं. नस उघडी पडली म्हणून मरत नाही, जंतू पोचले म्हणून मरते.

दंतकथा

पाणबुडा, आभार. माझं निम्मं टंकन वाचवलंत.

@कोरी_पाटी, शंका रास्त आहे, पण अपेंडिक्सची तुलना इथे लागू होत नाही. रूट कॅनलमध्ये सडलेली ऊती काढूनच टाकतात. उरतं ते दाताचं कवच. त्याला बाहेरून हाडाशी धरून ठेवणारा अस्थिबंध मात्र जिवंत असतो, त्याला रक्तपुरवठा हाडाकडून मिळतो. म्हणून तर रूट कॅनल झालेल्या दाताने चावताना खडा लागलेला तुम्हाला कळतो. जंतू शंभर टक्के जात नाहीत हे खरं आहे. ते इतके कमी करायचे आणि असे कोंडायचे की शरीर बाकीचं निभावून नेईल. ते न जमलेले रूट कॅनल फसतात, आणि फसतात हे मी नाकारत नाही. वरच्या पहिल्या दाढेत एक चौथी बारीक नळी अनेकदा लपलेली असते. ती सापडली नाही म्हणून फसलेल्या केसेस तर रोजच्या.

उनाडवारा

इम्प्लांटवाला मी. तोटे मागितलेत म्हणून तेच लिहितो, एरवी मी समाधानी आहे.

दाढ काढली, हाड भरून यायची वाट बघितली, मग स्क्रू बसवला, मग तो हाडात मुरायची वाट बघितली. या मुरण्यालाच तीन ते सहा महिने धरतात. तोवर त्या बाजूने चावायचं नाही. दात बसला तरी त्याला नैसर्गिक दातासारखी जाण नाही. तो थेट हाडात रुतलेला असतो, मधे तो अस्थिबंध नसतो. कडक काही चावलं तर आपल्या दाताला कळतं तसं त्याला कळत नाही, आणि भलता जोर लागला तर वरची कॅप टवकते. शेजारच्या दातामधल्या फटीत खाल्लेलं अडकतं, त्यासाठी वेगळा बारीक ब्रश रोज लागतो. त्याला कीड लागत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण त्याच्या भोवतीची हिरडी सुजते, मग हाड झिजतं, आणि हे बराच काळ दुखतही नाही. सिगारेट ओढणारे आणि मधुमेह ताब्यात नसणारे यांना हा धोका जास्त.

तंत्र म्हणून मात्र तोडच नाही. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि त्या गृहस्थांना ते आयुष्यभर पुरले. आता प्रत्येक जण तेच उदाहरण सांगून ‘लाइफटाइम’ शब्द वापरतो.

दंतकथा

अगदी नेमकं लिहिलंत. रूट कॅनल विरुद्ध इम्प्लांट अशी तुलना करणारे अभ्यास बरेच आहेत. नीट कॅप घातलेला रूट कॅनलचा दात आणि एकटा इम्प्लांट, दोन्ही टिकण्याच्या बाबतीत साधारण सारखेच निघतात. रूट कॅनलनंतर २ ते १० वर्षांनी दात तोंडात शाबूत असण्याचं प्रमाण २०१० मधल्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात ८६ ते ९३ टक्के निघालं होतं. म्हणजे वाचवण्याजोगा दात असेल तर ‘टिकतो जास्त’ या कारणासाठी तो काढून इम्प्लांट बसवण्यात अर्थ नाही. इम्प्लांट हा गेलेल्या दाताला पर्याय आहे. असलेल्या दाताला नव्हे. फसलेल्या रूट कॅनलनंतर इम्प्लांट करता येतं, फसलेल्या इम्प्लांटनंतर आपली दाढ परत येत नाही.

ब्रिजबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यात मधल्या पोकळीसाठी दोन्ही शेजारच्या दातांना खांब करतात आणि त्यासाठी ते सगळीकडून तासावे लागतात. शेजारी आधीच कॅपवाले असतील तर ब्रिज छान. ते धडधाकट असतील तर एका दाढेसाठी दोन चांगल्या दातांचं इनॅमल कायमचं घालवायचं. त्यातल्या काहींची नस पुढे मरते आणि त्यांचं रूट कॅनल करावं लागतं. काढता-घालता येणारा दात सगळ्यांत स्वस्त, पण एका दाढेसाठी तो बहुतेकांच्या डबीतच राहतो.

जागा मोकळी ठेवणं हा पर्यायही नेहमी वाईट नसतो. सायंताराचं झालं ते पहिल्या दाढेच्या जागी. सगळ्यांत मागची दाढ गेली आणि समोरच्या दाढेला टेकायला पुढचा दात असला तर अनेकांना काहीही भरून घ्यावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या कायझर यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर माणसं आखूड झालेल्या रांगेवरही व्यवस्थित चावतात.

माजघर

आईला हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट चालू आहे. तिच्या दाढेचं मूळच उरलंय, वरचा भाग मोडला. डॉक्टर म्हणतात काढायची नाही, रूट कॅनल करून मूळ तसंच ठेवू. हे कशासाठी?

दंतकथा

बरोबर सांगताहेत. बिस्फॉस्फोनेट किंवा हाडांसाठीचंच डेनोसुमॅब हे औषध घेणाऱ्यांत दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडून मरण्याचा धोका असतो. गोळ्यांवर तो थोडा असतो, कर्करोगासाठी शिरेतून मोठी मात्रा दिलेल्यांत बराच जास्त. अशा वेळी मुळाचं रूट कॅनल करून ते हिरडीच्या पातळीवर बंद करून टाकणं शहाणपणाचं. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता अर्धविराम यांचा मधला रस्ता.

कीड खोल असली तरी ती सगळीच्या सगळी खरवडून काढली पाहिजे, असं आता मानत नाहीत. कडा स्वच्छ, कडक करायच्या आणि पल्पच्या अगदी छतावरचा मऊसर थर मुद्दाम ठेवून वर पक्कं सील करायचं. अन्न तुटलं की खाली कोंडलेले जंतू निष्प्रभ होतात आणि पल्प आतून नवं डेंटिन चढवतो. नस उघडी न पडता काम झालं तर हा सगळ्यांत सोपा पर्याय.

उघडी पडली तर पल्पोटॉमी. झाडाचा शेंडा सडला तर तेवढाच छाटायचा, मूळ जिवंत असेल तर झाड उभं राहतं, तसंच. दाढेच्या डोक्यातला पल्प छाटायचा, मुळांतला ठेवायचा. दुधाच्या दातांत हे फार पूर्वीपासून करतात. वाढलेल्या माणसाच्या दाढेत करायला डॉक्टर कचरायचे, कारण वर लावायला भरवशाचं सिमेंट नव्हतं. १९२० पासून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, पण ते विरघळतं आणि त्याखाली चढणारं डेंटिन सच्छिद्र असतं. १९९३ मध्ये लोमा लिंडा विद्यापीठातल्या तोराबिनेजाद यांच्या गटाने एमटीए नावाचं सिमेंट पुढे आणलं, नंतर बायोडेंटिन हे दुसरं सिमेंट आलं, आणि चित्र पालटलं. एमटीए घट्ट व्हायला तास लागतात आणि त्याने दात काळवंडू शकतो, बायोडेंटिन साधारण १२ मिनिटांत बसतं.

हे करताना खरी परीक्षा रक्ताची असते. पल्प छाटल्यावर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात बुडवलेला कापूस त्या टोकांवर दाबून धरायचा आणि घड्याळ बघायचं. काही मिनिटांत लालभडक रक्त थांबलं तर खालचा पल्प निरोगी. काळसर रक्त भळभळतच राहिलं, किंवा एखाद्या नळीतून रक्तच आलं नाही, तर तिथून पुढे रूट कॅनलच. त्यामुळे पल्पोटॉमी होणार की नाही हे खुर्चीत बसण्याआधी कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीने २०१९ मध्ये आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सने २०२१ मध्ये जिवंत पल्प राखण्याच्या उपचारांवर आपली भूमिका मांडली आहे. तोटा विचारलात म्हणून सांगते : रूट कॅनलइतका लांब पल्ल्याचा अनुभव अजून याच्या मागे नाही. आणि पुढे कधी रूट कॅनल करायची वेळ आलीच तर नळ्या आतून अरुंद झालेल्या असू शकतात, काम अवघड जातं.

डॉक्टरांना एकच विचारा, रबर डॅम लावता का. दाढेभोवती ताणून बसवायचा तो रबराचा पडदा. १८६४ पासून उपलब्ध आहे, तरी अजून कित्येक ठिकाणी दिसत नाही. पाणबुडांचे उंदीर आठवा. लाळेत डुंबणाऱ्या दाढेत नस वाचवायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, आणि रूट कॅनललाही तो हवाच.

चकवा

हे सगळं ठीक. पण लोक रूट कॅनल का टाळतात हे कोणी बोलेना. दुखतं म्हणून! मला खालच्या दाढेला भूल दिली, ओठ पार बधिर, आणि ड्रिल आत गेल्याबरोबर खुर्चीतून उडालो. वर ऐकवलं काय, तर ‘तुमची सहनशक्तीच कमी आहे’.

दंतकथा

सहनशक्तीचा काही संबंध नाही. सुजलेल्या पल्पमधले मज्जातंतू भुलीला दाद देत नाहीत, खालच्या दाढांत तर हे नेहमीचं. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नव्हे. भूल दिल्यावर दाढेला पुन्हा गार बोळा लावून बघायचा. कळ आली तर दाढेच्या अस्थिबंधात किंवा हाडात जादा इंजेक्शन देता येतं. हे आधीच बोलून ठेवा आणि हात वर केला की थांबायचं असं ठरवून घ्या. न थांबणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

भोचक_भुंगा

अवांतर : अक्कलदाढ काढून ती पहिल्या दाढेच्या खड्ड्यात लावतात असं वाचलं. थाप की खरं?

दंतकथा

खरं. अक्कलदाढेचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसेल, म्हणजे तरुण वयात, तर उत्तम जगते. मूळ पूर्ण झालेली लावली तर काही आठवड्यांत तिचंच रूट कॅनल करावं लागतं. म्हणजे रूट कॅनल टाळायला निघालेल्यांसाठी नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. दंतकथा यांनी सांगितलेले प्रश्न घेऊन तिसरीकडे गेलो. त्यांनी गार बोळा लावला. शेजारच्या दाढेला नुसतं गार लागलं, या दाढेला सणकून कळ आली आणि बोळा काढल्यावर थोडा वेळ राहून गेली, अर्धा मिनिट काही टिकली नाही. ठोकल्यावर दुखलं नाही, हिरडीत खोल खड्डा नाही, मुळाशी सावली नाही. मला म्हणाल्या, आत काय दिसतंय त्यावर ठरवू, तिन्ही शक्यतांना तुमची संमती आत्ताच घेते, मधेच खुर्चीत विचारणार नाही. हे फार आवडलं.

काल काम झालं. रबर डॅमचा निळा पडदा आणि ती घट्ट क्लिप, सवय व्हायला थोडा वेळ गेला. जुनं फिलिंग निघालं तशी खाली तपकिरी, ओल्या चामड्यासारखी कीड दिसली, कॅमेऱ्यावर दाखवली त्यांनी. एका कोपऱ्यात नस उघडी पडली. वरचा पल्प छाटला, कापूस दाबून धरला, मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. रक्त थांबलं. बायोडेंटिन आणि वर त्याच दिवशी पक्कं फिलिंग. दाढेच्या बाजूची एक भिंत पातळ आहे, म्हणून पुढे वरून झाकणारी कॅप घालू म्हणाल्या. आज चावताना जरा ठुसठुसतंय.

आता लक्ष कशावर ठेवायचं? आणि कॅप खरंच लागेल का, की विकायचं म्हणून सांगताहेत?

सायंतारा

वा! तिन्ही शक्यतांना आधीच संमती, हे माझ्यासाठीही नवीन.

कोरी_पाटी

माझं मत पूर्ण बदललं नाही, पण नस ठेवून काम होतं हे माहीत नव्हतं. धाग्याबद्दल आभार.

दंतकथा

ठुसठुस काही दिवस चालेल. ती रोज कमी होत जायला हवी. रात्री आपोआप ठणका सुरू झाला किंवा हिरडीवर पुटकुळी आली तर वाट न बघता फोन करायचा. वरचा पल्प गेल्यामुळे या दाढेला आता गार लागणार नाही, तेव्हा पुढे कोणी गारव्याची चाचणी करून ‘नस मेली’ असं सांगितलं तर पल्पोटॉमी झाल्याचं आठवणीने सांगा. भरवसा एक्स-रेवर ठेवायचा. सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक, मग वर्षाकाठी.

कॅपबद्दल शंका घेऊ नका. रूट कॅनल झालेल्या दातांवरच्या २००२ मधल्या एका अभ्यासात कॅप न घातलेले दात घातलेल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेले होते. तुमचं रूट कॅनल नाही, पण पातळ भिंत तीच आणि चावण्याचा जोरही तोच. उभी चीर मुळात उतरली तर नस जिवंत असून उपयोग नाही. पूर्ण कॅपऐवजी फक्त वरचा भाग झाकणारी ऑनले बसते का ते विचारा, दाढ कमी तासावी लागते.

तिरपागडा

एक्स-रे काढला. मुळाशी सावली आहे म्हणे. दंतकथा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, सवडीने बघा.